आंदणाची शेळी

ये गं राणी, अशी जवळ बस. तिथं उंबऱ्याशी पाहुण्यासारखी काय उभी राहतेस. म्हणजे तू उभीही नाहीस, तू तिकडं पुण्यात आहेस, हे मला कळतं. पण लिहायला बसले की माणूस समोर असल्याशिवाय माझं पान पुढं सरकत नाही, म्हणून तुला बसवते. आणि बसलीच आहेस तर थोडी बोलणीही खा. दोन दिवाळ्या गेल्या, तू आली नाहीस. फोन केला की ड्यूटी आहे म्हणतेस, परीक्षा आहे म्हणतेस, सुट्टी मिळत नाही म्हणतेस. तुझ्या खोलीतल्या बाकीच्या पोरी घरी जाऊन शेव-चिवडा घेऊन येतात, त्यांना सुट्टी कशी मिळते गं? त्यांच्या आत्या काय मंत्रालयात आहेत?

वाचणाऱ्यांना सांगते, राणी ही माझ्या धाकट्या भावाची, दत्तूची लेक. नर्सिंग शिकते. मी फार लवकर माहेरी परत आले आणि इथलीच झाले. राणीची आई मंगल ही माझी भावजय, पण एका चुलीवर इतकी वर्षं निघाली की आता तिचं दुखलं तर मला आधी कळतं.

आता फाल्गुन सरत आला आहे. शाळूची ज्वारी काढून झाली, कडब्याच्या गंजी रचून झाल्या. आमच्या पारनेरच्या माळावर ह्या दिवसांत दुपारी वारा सुटतो तो नुसती धूळ घेऊन येतो. भाकरीच्या पिठात धूळ, माठाच्या झाकणावर धूळ, शेळ्यांच्या पापण्यांवर धूळ. पण त्या धुळीतच लिंबाच्या फुलोऱ्याचा वास असतो आणि गोठ्यातून चिकाचा. ह्या दिवसांत आमच्याकडं शेळ्या व्यातात. दिवाळीच्या पाडव्याच्या सुमाराला फळलेली शेळी बरोबर गुढीपाडव्याच्या सुमाराला मोकळी होते. एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंत तिचं ओझं. पूर्वी हा वास आला की मला वाटायचं, वर्ष पुन्हा सुरू झालं. आता तो आला की मी नाकाला पदर लावते आणि तो चैत्र आठवतो.

तुला आठवत नसेल, तू जन्मली नव्हतीस, पण तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा टेम्पोत भांडी, कपाट, गाद्या आणि एक शेळी होती. तिच्या वडिलांनी दिलेलं आंदण. संगमनेरकडची पांढरी शेळी, कास अशी की चालताना गुडघ्याला लागावी. वरातीच्या गडबडीत तिनं नवरदेवाचा हार अर्धा खाल्ला. दत्तू उरलेला अर्धा गळ्यात घालून देवाच्या पाया पडला आणि अख्ख्या गावानं त्याला महिनाभर विचारलं, नवरी कुणाची रे, तुझी का शेळीची?

त्या शेळीची लेक, तिची लेक, अशी ती वेल आमच्या अंगणात वाढत गेली. तू पाळण्यात असताना मंगलला दूध नव्हतं तेव्हा तू ह्याच वेलीच्या दुधावर राहिलीस. शेळ्या दुसऱ्याही होत्या, बाजारातून आणलेल्या, पण त्यांना मंगल शेळ्या म्हणायची आणि ह्यांना नावानं हाक मारायची. चंद्री ही शेवटची मोठी. पुढं मंगलचे वडील गेले, भावांनी वाटण्या केल्या, तिकडचा गोठा मोडला. माहेरी जायचं म्हटलं तर आता तिथं भिंतीच. तेव्हापासून चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवताना मंगल जरा जास्तच वेळ लावायची. कुणी विचारलं तर म्हणायची, गोचीड बघते.

दत्तूलाही मी नावं ठेवणार नाही. दुधाच्या शेळ्यांचे बोकड अंगानं हडकुळे असतात. बाजारात व्यापारी बोकडाच्या कंबरेवर हात ठेवतो, मुठीत हाडं लागली की तोंड वाकडं करतो. एकदा भर बाजारात एकानं आमच्या बोकडाकडं बघून विचारलं, ह्याला पावडर-कुंकू करून आणलाय, खायला का न्हाई घातलं? सगळे हसले. दत्तू घरी आला तो जेवला नाही. आणि त्या वर्षी त्यानं बोअर नावाच्या परदेशी, मांसाच्या जातीचा बोकड आणला.

तो टेम्पोतून उतरला तेव्हा मी म्हटलं, हा बोकड आहे का पैलवान? पांढरं अंग, विटकरी डोकं, खाली लोंबणारे कान, आणि मान अशी की कासरा दोन वेढे पुरेना. पोरं, बाया, म्हातारे, सगळे बघायला आले. शेजारची हौसा म्हणाली, दत्तूभाऊ, ह्याला दावणीला नको, ओसरीवर बसवा, गावचे तंटे सोडवंल. दत्तू त्या दिवशी खूप दिवसांनी हसला. दुधाच्या शेळीला असा मांसाचा बोकड दाखवला की करडं दोन्हीकडून बरी निघतात, आईच्या दुधावर वाढतात आणि बापाचं अंग घेतात, हे तो सगळ्यांना समजावून सांगत होता. आणि ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर बरं झालं असतं.

पण मंगलनं त्याच दिवशी अंगणात उभं राहून एक गोष्ट ठरवून घेतली. चंद्री तेव्हा थकली होती, तिचं व्याणं संपलं होतं. तिच्या शेवटच्या वेतातल्या दोन पाठी होत्या, म्हणजे अजून न व्यालेल्या लहान शेळ्या. कापशी पांढरीशुभ्र आणि गुंजी तांबूस. वेल पुढं न्यायची तर ह्या दोघींनीच. त्या पुरत्या वाढल्या की शिवेपलीकडच्या गावात एकाकडं दुधाच्या जातीचा बोकड होता, तिथं न्यायच्या, असं मंगलच्या मनात होतं.

"बाकीच्या तुमच्या," ती दत्तूला म्हणाली. "ह्या दोघी माज्या. त्या बोकडाची सावली बी ह्यांच्यावर नको."

दत्तू म्हणाला, "तुज्याच हायेत. मी कशाला हात लावतो?"

आणि त्यानं हात लावला नाही, हेही खरं. बोकडाला वेगळी जाळी मारली, वेगळी खुंटी ठोकली, मोठ्या शेळ्या एकेक करून त्याच्याकडं नेल्या. मंगल त्या जाळीची कडी रोज स्वतः ओढून बघायची.

मग दिवाळी आली. तू आलीस. किती दिवसांनी घर भरलं. आमच्या घरात पाडव्याची एक रीत आहे, ती माझ्या आजीपासूनची. पाडव्याच्या सकाळी एकाही जनावराच्या गळ्यात दावं ठेवायचं नाही. वर्षभर बांधून ठेवतो, एक सकाळ मोकळं सोडायचं. आणि सोडायचं ते घरच्या लेकीच्या हातानं. मी लहान असताना मी सोडली, मग तू. शेळ्यांना धुवायचं, शिंगांना रंग द्यायचा, गेरू कालवून त्यात पंजा बुडवायचा आणि त्यांच्या अंगावर उठवायचा. ओवाळायचं, करंजी खायला द्यायची. त्या सकाळी अंगणात नुसता गेरू, उटण्याचा वास, तळणीचा वास आणि शेळ्यांचं बागडणं.

तू एकेकीचं दावं सोडत गेलीस. बोकडापाशी थांबलीस आणि मागं वळून बघितलंस. दत्तूनंच सांगितलं की त्यालाही सोड, वर्षाचा सण आहे, त्याचाच तेवढा गळा का बांधायचा. मंगल आत करंज्या तळत होती. मी गेरूत हात बुडवून उभी होते. आम्हा कुणाच्याही मनात आलं नाही. रीत अशीच असते राणी, ती हातापायांत असते, डोक्यापर्यंत जातच नाही. आणि पाठी इतक्या लहान, त्या माजावर येतील हे कुणाला वाटलं? तूही त्या बोकडाच्या छातीवर हौसेनं गेरू फासलास. किती छान दिसत होता तो. पोरांनी त्याच्याबरोबर फोटो काढले.

दुपारी सगळी परत बांधली. संध्याकाळी मंगल धारा काढायला गेली ती लवकर बाहेर येईना, म्हणून मी आत गेले. ती कापशीपुढं उकिडवी बसली होती. कापशीच्या कमरेवर गेरू होता. पण त्या दिवशी गेरू कुणाच्या अंगावर नव्हता? तिनं तुला हाक मारली. तू हसतच आलीस, हातात अर्धी करंजी. तिनं तुझा हात धरला आणि एकेका शेळीच्या अंगावरच्या पंजावर ठेवून बघितला. हा तुझा. हा आक्कांचा, म्हणजे माझा. हा शेजारच्या पोराचा. मग कापशीच्या कमरेवर ठेवला. तिथं पंजा नव्हता. नुसता फासलेला पट्टा, बोटं नसलेला, बोकडाच्या छातीएवढा रुंद. गुंजीच्याही अंगावर तसाच.

"हे तुजं न्हाई," मंगल एवढंच म्हणाली.

तू हात काढून घेतलास. करंजी हातातच राहिली. मला तो क्षण अजून दिसतो, तुला तर दिसतच असेल.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज झाली आणि तू गेलीस. दत्तू म्हणाला, एवढ्याशा पाठी, काही राहायचं नाही. लगेच डॉक्टरांना दाखवलं असतं तर इंजेक्शन देऊन मोकळं करता आलं असतं, हे आम्हाला पुढं कळलं. तेव्हा कांद्याची लागण सुरू होती, मजूर मिळत नव्हते, उद्या बघू, परवा बघू असं झालं. आणि मनात आशा असली की माणूस दाखवायला जात नाही, कारण दाखवलं की कळतं. डॉक्टर आले तेव्हा थंडी अंगात मुरली होती. त्यांनी दोघींची पोटं चाचपली, मान हलवली आणि म्हणाले, आता छेडणं बरं नाही. पाठी बारीक, कमरेची हाडं कोवळी, आणि करडू बापावर गेलं तर डोकं मोठं. खाणं आवरा, खुराक बंद, घास बंद, करडू आत वाढू देऊ नका.

राणी, तुझ्या आईनं आयुष्यात कुठल्या जनावराला उपाशी ठेवलं नव्हतं. फाल्गुनात बाकीच्या गाभण शेळ्यांना हिरवा घास, भरडा, आणि त्या दोघींपुढं वाळला कडबा. त्यांना शेजारच्या दावणीतल्या घासाचा वास यायचा. त्या ओरडायच्या. मंगल त्यांच्याकडं पाठ करून बसायची आणि कांदे निवडायची. मी म्हटलं, तू घरात जा, मी बसते. ती म्हणाली, न्हाई आक्का, त्यांना मी दिसाय पायजे. म्हणजे उपाशी ठेवणारी मीच आहे हे त्यांना दिसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं. असल्या बाईला काय समजवायचं.

होळीनंतर मोठ्या शेळ्या व्यायला लागल्या. काय करडं ती. पहिल्याच दिवशी उभी राहिली, विटकरी डोकी, जाडजूड पाय, आईच्या कासेला ढुशा मारत चुरूचुरू दूध ओढायची. दत्तू त्यांना उचलून उचलून दाखवायचा. हौसानं म्हटलं, ही करडं न्हाईत, ही बारशालाच लग्नाला आल्यात. घरात चिकाचा खरवस झाला, वेलची घातलेला. मंगलनं सगळ्यांना वाढला. स्वतः खाल्ला नाही.

आणि मग गुंजी बसली. सकाळची वेळ होती, ऊन अजून कौलांवर चढायचं होतं. ती उठायची, बसायची, भिंतीला डोकं लावायची. पाणी फुटलं, करडाच्या पायांची नखं दिसली, आणि त्यापुढं काहीच येईना. मंगलनं हाताला तेल लावलं, आत हात घालून बघितलं. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. ती म्हणाली, कपाळ अडकलंय, नारळाएवढं हाय. दत्तू फोन करत होता. डॉक्टर दुसऱ्या गावी एका गाईच्या मागं होते, निघालो म्हणाले, वाटेत आहे म्हणाले. दुपार झाली. वारा सुटला, सगळीकडं धूळ. मंगल गुंजीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या डोळ्यांवर पदर धरून बसली, धूळ जाऊ नये म्हणून. गुंजी आधी ओरडत होती, मग कण्हत होती, मग तिचा नुसता श्वास वाजत होता. डॉक्टरांची गाडी अंगणात आली तेव्हा मंगलनं पदर काढला नाही. ते काय समजायचं ते समजले.

कापशीची वेळ आली तेव्हा डॉक्टर आधीच येऊन बसले होते. त्यांनी प्रयत्नांची शर्थ केली, ह्यात काही शंका नाही. करडू ओढून काढलं. मेलेलं होतं. मोठं, देखणं, बापासारखं. कापशी जगली. हात धुताना ते दत्तूला म्हणाले, ही जगेल, पण आत लई फाटलंय, पुढं हिच्याकडून काही धरू नका. मंगल त्यांच्या हातावर पाणी ओतत होती.

त्याच उन्हाळ्यात चंद्री म्हातारपणानं गेली. म्हणजे वेलीचं एकच पान उरलं, आणि तेही फळ न धरणारं.

तुला हे सगळं फोनवर तुकड्यातुकड्यानं कळलं. नंतर तुझे फोन माझ्या मोबाईलवर यायला लागले, आईच्या नाही.

आता खरं तेही सांगते. बोकड आहे. त्याची करडं बाजारात नाव काढून आहेत. लांबून लांबून लोक शेळ्या घेऊन येतात, थेट कर्जतकडून एक जण टेम्पोत घालून आणतो. दत्तूच्या कंबरेचा वाक गेला. पण कुणी लहान पाठ घेऊन आला की तो त्याच्यावर असा तुटून पडतो की माणूस घाबरतो. आधी दोन वेतं होऊ दे तिची, मग ये, अशी न्हेतोस का घरी का मी हाकलू. परवा एकाला तर त्यानं शेळीसकट रस्त्यापर्यंत घालवलं. तो बिचारा म्हणत होता, अहो, पत्ता विचारायला आलोय. मी हसले. मंगलही हसली, किती दिवसांनी.

आणि गेल्या दोन्ही पाडव्यांना आमच्याकडं दावी सुटली नाहीत. कुणी ठरवलं नाही तसं. गेरू कालवला नाही, एवढंच. शेळ्या धुतल्या, ओवाळल्या आणि तशाच बांधलेल्या ठेवल्या. त्या सवयीनं वाट बघत होत्या. मला वाटलं मी सोडावी, मीही ह्या घरची लेकच. पण हात गेला नाही.

दत्तूनं एकदा जेवताना हळूच विषय काढला, कापशी भाकड आहे, चारा महाग झालाय, बाजार चांगला आहे. मंगलनं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, मी बी आता भाकड हाय. तो विषय तिथंच मिटला.

त्या रात्री नाही, पुष्कळ दिवसांनी, आम्ही दोघी लिंबाखाली शेंगा फोडत होतो. तिच्याच मनातून निघालं ते.

"आक्का, पोरगी येत न्हाई," ती म्हणाली. "तिला वाटतंय दावं तिनं सोडलं म्हणून मी रागात हाय. दाव्याचं काय, ते कुणीबी सोडलं असतं. पर तिचा हात मी त्या शेळीवर ठेवाय नको हुता. पोलिसानं ठेवावा तसा ठेवला मी."

मी म्हटलं, मग हे तिला सांग की. ती म्हणाली, फोनवर कसं सांगायचं असलं. आणि टरफलं गोळा करून उठली.

गेल्या आश्विनात कापशी माजावर आली. डॉक्टरांचं म्हणणं सगळ्यांनाच माहीत होतं. तरी मंगल तिला घेऊन एकटी चालत शिवेपलीकडच्या त्या दुधाच्या बोकडाकडं गेली. आणि राणी, पोट दिसायला लागलं. पौषात दिसलं, माघात चांगलंच दिसलं. मंगलनं तिला घास घातला, भरडा घातला, गूळ घातला. ह्या वेळी काही आवरलं नाही. तिनं डॉक्टरांना बोलावलं नाही आणि मीही बोलावा म्हटलं नाही. मागं सांगितलं ना तुला, दाखवलं की कळतं. कास भरत आली. मंगलला गोठा झाडता झाडता गुणगुणताना मी ऐकलं.

गेल्या आठवड्यात सकाळी कापशी बसली. मंगल तेल घेऊन शेजारी. फार वेळ लागला नाही. पाणी आलं, बादलीभर पाणी, आणि पोट बसलं. करडू नाही, वार नाही. मंगल तरी हात पुढं धरून बसून राहिली, मागून काही येईल म्हणून. डॉक्टर आले, त्यांनी सांगितलं की असं होतं कधी कधी. आत नुसतं पाणी साठतं, अंगाला वाटतं करडू आहे, आणि पान्हाही येतो. मंगल ऐकत होती. तिनं एकच विचारलं, दूध चालंल का? ते म्हणाले, दूध चांगलं आहे, बिनघोर प्या, पण ते फार दिवस टिकायचं नाही. आणि पुढच्या वेळी हिचा जीव जाईल, पुढची वेळ आणू नका.

म्हणजे झालं. ती वेल इथं संपली. मंगल रडली नाही. भांडं घेऊन आली, कापशीचे सड धुतले आणि धार काढली. करडाला सोडायचं नव्हतं, थांबायचं नव्हतं. भांड्यात धारेचा आवाज तेवढा.

आता रोज सकाळी ती ते दूध तापवते. थोडं चहाला घेते आणि बाकीचं एका पितळी पेल्यात काढून फडताळात झाकून ठेवते. ह्या उन्हात ते दुपारपर्यंत नासतं. मग ती पेला घासते, पालथा घालते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरते. दत्तूनं विचारलं, कुणासाठी ठेवती? ती म्हणाली, असू द्या. मी काही विचारलं नाही. मला विचारायची गरज नाही, आणि तुलाही नसावी.

तिला बोलावता येत नाही गं, म्हणून मी बोलावते. फार विचार करू नकोस, काही आणू नकोस, सुट्टीचं काय ते मी तुझ्या कॉलेजच्या मोठ्या बाईंना फोन करून सांगते. दूध अजून आहे, उद्याही असेल, पण परवाचं मला सांगता येत नाही. तेवढं ये. आणि पहाटेची पहिली एसटी धर, म्हणजे दूध नासायच्या आत पोचशील.